ढेकणांसाठी बोलावलेली पेस्ट कंट्रोल सेवा: तपासणी उत्तम, कागदपत्रे अपुरी

ढेकणांसाठी पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावताना दर आणि हमी यांच्याही आधी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे आलेला माणूस पंप सुरू करण्यापूर्वी विजेरी घेऊन शोध घेतो की नाही. पुण्यातील ज्या लहानशा स्थानिक सेवेचे हे परीक्षण आहे, तिची खरी जमेची बाजू हीच आहे. त्याआधी चौकशी केलेल्या एका ठिकाणी घर किती खोल्यांचे आहे एवढेच विचारून झुरळे, मुंग्या आणि ढेकूण यांचे एकत्रित पॅकेज सांगण्यात आले होते. झुरळांसाठी कोपऱ्यांत लावायचे जेल हे खाण्यातून मारणारे आमिष असते, आणि ढेकूण रक्ताखेरीज काहीच घेत नसल्यामुळे त्याला ते निरुपयोगी आहे.

या सेवेच्या तंत्रज्ञाने अंगावरचे चट्टे पाहून निदान करण्याचे टाळले, आणि ते योग्यच होते. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या हातावर रांगेने गांधी उठतात, तर दुसऱ्याच्या त्वचेवर काहीही दिसत नाही. शिवाय डासांचे चावे पुष्कळदा तसेच दिसतात. पिसवा असतील तर चावे बहुधा घोट्यांभोवती असतात आणि घरात कुत्रे-मांजर आहे का, हे विचारावे लागते. ते विचारून झाल्यावर त्याने गादीच्या शिवणी, पलंगाच्या लाकडी सांध्यांतील फटी, स्क्रूची छिद्रे आणि उशाजवळचा स्विचबोर्ड विजेरीच्या उजेडात पाहिला आणि फटींतून जुने प्लॅस्टिक कार्ड फिरवले. काळे ठिपके ओल्या कापसाने पुसताच तांबूस पसरले, म्हणजे ते पचलेल्या रक्ताच्या विष्ठेचे होते. त्याखेरीज टाकलेल्या काती, मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी आणि सुमारे पाच मिलिमीटरचे, चपटे, तांबूस तपकिरी जिवंत ढेकूणही मिळाले. शंकेला जागाच उरली नाही.

उपचारात वाफेचा भाग मला सर्वांत समाधानकारक वाटला. ५० अंश सेल्सिअसच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही लवकर मरतात, पण त्यासाठी नळी शिवणीवरून अगदी सावकाश फिरवावी लागते, आणि ही चिकाटी त्यांनी दाखवली. (गाद्या उन्हात टाकण्याचा आपला परंपरागत उपाय अपुरा पडतो तो याचमुळे, कारण जाड गादीच्या आत तेवढी उष्णता पोहोचत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.) चादरी आणि अभ्रे गरम पाण्यात धुऊन बंद पिशवीत ठेवण्याची सूचना त्यांनी आदल्या दिवशीच दिली होती.

त्यानंतरची फवारणी फटींपुरती मर्यादित होती. कीटकनाशकाचे नाव मात्र विचारल्यावरच कळले, आणि पावतीवर तर ते नव्हतेच. डबा मागितल्यावर त्यावर लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन असे दिसले. हे पायरेथ्रॉइड या कृत्रिम कीटकनाशकांच्या गटातले आहे आणि या गटाला दाद न देणारे ढेकूण जगभर आढळतात, त्यामुळे वाफेविना केवळ फवारणीचे पैसे मी दिले नसते. फोनवर ‘हर्बल’ असा उल्लेख झाला होता. तो शब्द त्यांनी जाहिरातीतूनही काढावा.

दुसरी भेट दरातच समाविष्ट आहे आणि ती अनावश्यक समजू नये. अंड्यांवर फवारणीचा परिणाम कमी होतो आणि उबदार हवेत ती साधारण आठवडा-दीड आठवड्यात फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी येऊन नव्या पिल्लांना, ती स्वतः अंडी घालण्याइतकी वाढण्यापूर्वीच, गाठावे लागते. या भेटीची तारीख आम्हाला आठवण करून मिळवावी लागली, हा दुसरा उणेपणा. त्या भेटीत थोडी पिल्ले सापडली, पूर्ण वाढलेला ढेकूण एकही नाही, आणि त्यानंतर चादरीवर डाग दिसलेले नाहीत.

दर झुरळांच्या उपचाराच्या जवळपास दुप्पट आहे, तरी लागणारा वेळ पाहता तो मला रास्त वाटतो. याहून स्वस्तात कोणी धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या खोलीत ठेवून दार बंद करण्याचे सुचवले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू दाराखालून आणि भिंतींच्या फटींतून शेजारच्या खोलीत पोहोचतो आणि झोपलेल्या माणसांचे प्राण घेतो. या सेवेने तसे काही सुचवले नाही. बोलावणार असाल, तर कृषी विभागाचा परवाना पाहून घ्यावा आणि कीटकनाशकाचे नाव व दुसऱ्या भेटीची तारीख पावतीवर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.