संस्कृतींची ओळख: खास दिवस, वेगळा तास की रोजचा धडा?

एका वर्गात तीन-चार मातृभाषांची, वेगवेगळ्या श्रद्धांच्या घरांतली मुलं शेजारी-शेजारी बसतात. त्यांना एकमेकांच्या संस्कृतींबद्दल शिकवायचं, यावर फारसं कुणाचं दुमत नसतं. घोडं अडतं ते कसं शिकवायचं यावर. वेळापत्रक आधीच भरलेलं, शिक्षक मोजके. मग वर्षातून एक-दोन खास दिवस साजरे करायचे, त्यासाठी वेगळा विषय ठेवायचा, की आहेत त्याच विषयांत हे मिसळायचं? तिन्ही वाटांना लोक ‘बहुसांस्कृतिक शिक्षण’ असंच म्हणतात, पण मुलांच्या पदरात तिन्हींतून वेगवेगळं काही पडतं. तुम्ही शाळेत हा निर्णय घेणारे असाल किंवा मुलासाठी शाळा निवडणारे पालक असाल, तर हा फरक आधी नीट बघून घ्या.

बघायचं कशाच्या आधारे? मला दोन कसोट्या पुरेशा वाटतात. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतलं 29 वं कलम शिक्षणाच्या हेतूंमध्ये मुलाच्या स्वतःच्या ओळखीचा, भाषेचा आणि मूल्यांचा आदर धरतं, आणि त्याच ओघात त्याच्याहून वेगळ्या संस्कृतींचाही. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये हेच सोप्या शब्दांत मांडलं: मुलाला पुस्तकात आरसाही मिळायला हवा आणि खिडकीही. स्वतःचं घर दिसलं का, आणि दुसऱ्याचं घर दिसलं का, हे दोन प्रश्न प्रत्येक वाटेला विचारायचे.

खास दिवस

ही सगळ्यात सोपी वाट आहे. आठवडाभराच्या तयारीत उभी राहते, खर्च थोडा आणि कुणाचा विरोध नाही. एरवी शाळेच्या फाटकाबाहेरूनच परत जाणारे पालक त्या दिवशी आत येतात, स्वतः काही करून दाखवतात. हा फायदा खरा आहे, मी तो कमी लेखणार नाही.

पण त्या दिवशी संस्कृती म्हणजे पोशाख, नाच आणि खाणं एवढंच उरतं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जेम्स बँक्स यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासक्रमात विविधता आणण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. थोर व्यक्ती आणि सणवार ही त्यातली सर्वांत खालची. दुसऱ्या पायरीवर जुन्या अभ्यासक्रमाला एखादा धडा जोडला जातो. तिसरीवर तोच विषय अनेकांच्या नजरेतून पाहिला जातो आणि चौथीवर मुलं त्या समजेवरून स्वतः काही कृती करतात. खास दिवस जिथे सुरू होतो तिथेच संपतो, कारण दुसऱ्या दिवशी पुस्तक तेच आणि नजरही तीच.

मला सर्वांत जास्त खटकतं ते निराळंच. वर्गात एखाद्या समाजाचं एकच मूल असेल, तर त्या दिवशी ते अख्ख्या समाजाचं प्रतिनिधी होऊन बसतं. ‘तुमच्यात असं का करतात?’ या प्रश्नाचं उत्तर नऊ वर्षांच्या मुलाने द्यायचं! त्याला हवा होता आरसा, आणि आपण त्यालाच इतरांची खिडकी करून टाकतो.

वेगळा विषय

इथे पुरावा सर्वांत ठोस आहे, म्हणून जरा थांबून बघू. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही शाळांत नववीला ‘एथनिक स्टडीज’ हा विषय प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वंशसमूहांचा इतिहास आणि अनुभव हा त्याचा गाभा. आठवीतली सरासरी श्रेणी 2.0 च्या खाली असलेल्या मुलांना तो लावून दिला जाई, त्यामुळे रेषेच्या जरा खालच्या आणि जरा वरच्या मुलांची तुलना करणं शक्य झालं. संशोधक थॉमस डी आणि एमिली पेनर यांनी 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रेषेजवळच्या ज्या मुलांनी हा विषय घेतला त्यांची हजेरी 21 टक्केबिंदूंनी वाढली आणि सरासरी श्रेणी 1.4 गुणांनी. चार गुणांच्या मोजपट्टीवर ही वाढ फार मोठी आहे. पुढच्या अभ्यासात हीच मुलं शाळा पूर्ण करण्यातही पुढे दिसली.

शाळेपासून तुटत चाललेल्या मुलाला पुस्तकात आपली माणसं दिसली आणि तो वर्गात येऊ लागला, असा मी याचा अर्थ लावतो. पण हे आकडे पाहून लगेच वेळापत्रकात तास घालू नका. ते रेषेजवळच्या मुलांचे आहेत, सगळ्या मुलांचे नाहीत. आणि विषय शिकवणाऱ्यांची त्यात चांगली तयारी झालेली होती. हाच तास ज्याच्या वाट्याला कमी तासिका आल्या त्याच्या माथी मारला, तर या आकड्यांची आशा धरू नये.

वेगळ्या विषयाचा आणखी एक धोका असा की तो ठळक दिसतो, त्यामुळे त्याच्यावर घाव घालणंही सोपं जातं. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात मेक्सिकन-अमेरिकन इतिहास-साहित्याचा अभ्यासक्रम 1998 पासून चालू होता. राज्याने 2010 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला आणि 2012 च्या जानेवारीत तो बंद पडला. ही बंदी वांशिक आकसातून आल्याचा निकाल संघराज्य न्यायालयाने दिला 2017 मध्ये. बंदीच्या वेळी शाळेत असलेली मुलं तोवर शाळेतून बाहेरही पडली होती.

विषय कुणासाठी, हेही आधीच ठरवावं लागतं. धर्मांच्या शिक्षणात याची दोन टोकं दिसतात. फिनलंडमध्ये एकाच धर्माची किमान तीन मुलं असतील आणि त्यांच्या पालकांनी मागणी केली, तर त्या धर्माचा वेगळा वर्ग चालवावा लागतो. म्हणजे आरसा स्वच्छ, पण त्या तासाला मुलं एकमेकांपासून वेगळी बसतात. इंग्लंडमध्ये 1988 च्या कायद्याने स्थानिक अभ्यासक्रमांनी ख्रिस्ती परंपरेसोबत देशातल्या इतर प्रमुख धर्मांचीही दखल घ्यायची असते, आणि मुलं ते एकत्र शिकतात. खिडक्या अनेक, पण प्रत्येकीतून ओझरतंच दिसतं. निवड करायची तर मी एकत्र बसण्याच्या बाजूने उभा राहीन. ऐच्छिक ठेवलेला विषय बघता बघता ‘त्यांचा विषय’ होतो, आणि ज्यांना खिडकीची खरी गरज असते ती मुलं नेमकी बाहेर राहतात.

रोजच्या धड्यात

ही वाट सर्वांत अवघड, आणि मनापासून सांगायचं तर मला सर्वांत प्रिय. इथे वेगळा तास नसतो. गणित, भूगोल, भाषा यांचा नेहमीचाच तास, फक्त तो एकाच खिडकीतून शिकवायचा नाही.

गणितातला ‘पास्कलचा त्रिकोण’ घ्या, म्हणजे संख्यांची अशी त्रिकोणी मांडणी, जिच्यात आतली प्रत्येक संख्या तिच्या वरच्या दोन संख्यांची बेरीज असते. पास्कल 17 व्या शतकातला. इराणमध्ये याच मांडणीला खय्यामचा त्रिकोण म्हणतात, चीनमध्ये यांग हुईचा आणि इटलीत तार्तालियाचा. पिंगलाच्या छंदसूत्रांवर 10 व्या शतकात टीका लिहिताना हलायुधाने तो ‘मेरुप्रस्तार’ म्हणून सांगितला, लघु-गुरूंच्या किती रचना होतात हे मोजण्यासाठी. आता एका गटाला कवितेच्या मात्रांकडून आणि दुसऱ्याला बीजगणिताच्या विस्ताराकडून तिथे पोचू द्या. कुणाचीही आरती न ओवाळता मुलांना कळतं की हुशारी कुठल्या एका प्रांताची मक्तेदारी नाही. शिवाय गणितही जास्त पक्कं होतं, कारण एकच गोष्ट दोन बाजूंनी समजलेली असते.

भूगोलात नकाशा. नकाशाकार मर्केटरने 1569 मध्ये दर्यावर्दींसाठी केलेल्या मांडणीत ग्रीनलंड आफ्रिकेएवढं भासतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे 14 पट आहे. अरब भूगोलतज्ज्ञ अल-इद्रिसीच्या 1154 च्या नकाशात दक्षिण वर आहे. हे दोन नकाशे शेजारी ठेवले आणि ‘वर कोण, हे कुणी ठरवलं?’ एवढंच विचारलं, तर बँक्सची तिसरी पायरी एका तासात चढता येते.

या वाटेचा दोष उघड आहे. सगळ्यांची जबाबदारी ती कुणाचीच नसते. कागदावर लिहायचं ‘सर्व विषयांतून’ आणि वर्षअखेर हाती काही नाही, असं सहज घडतं. गणिताच्या शिक्षकाला यांग हुई कोण हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत पहिली कात्री इथेच लागते. म्हणून ही वाट निवडाल तर दर सत्राला प्रत्येक विषयातला फक्त एक धडा नव्याने बांधा. तो शिक्षकांनी एकत्र बसून बांधावा आणि त्यावर परीक्षेत प्रश्न यावा. जे परीक्षेत येत नाही ते मुलं गांभीर्याने घेत नाहीत, आणि शिक्षकही.

आणि बसायचं कुणाशेजारी?

तिन्ही वाटा काय शिकवायचं ते सांगतात. पण मुलं एकमेकांबद्दल बरंचसं एकमेकांकडूनच शिकतात. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये सांगितलं होतं की नुसतं एकत्र ठेवून पूर्वग्रह जात नाहीत, त्याला काही अटी आहेत: समान दर्जा, एकच ध्येय, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा. पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी 2006 मध्ये 515 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा परस्परसंपर्काने पूर्वग्रह कमी होतात हे दिसलं. या अटी पाळल्या तर परिणाम जास्त, असंही.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 1971 मध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं नव्याने एका वर्गात आली होती आणि तणाव होता. तिथे मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘जिगसॉ’ पद्धत बसवली. पाच-सहा मुलांचे मिश्र गट करायचे आणि धड्याचे तेवढेच तुकडे. प्रत्येकाला एकच तुकडा मिळतो. एकाच तुकड्याची वेगवेगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो नीट समजून घेतात, मग आपापल्या गटात परतून शिकवतात. परीक्षा मात्र प्रत्येकाची, पूर्ण धड्यावर. ज्याच्याशी कालपर्यंत बोलणं नव्हतं, त्याचं आज कान देऊन ऐकावंच लागतं, कारण त्याच्याकडचा भाग दुसऱ्या कुणाकडे नसतो. धडा कशावरही असू दे, अगदी झाडाच्या पानाच्या रचनेवरही चालतो. पैसे लागत नाहीत, नवं पुस्तकही नाही.

निवड करताना

प्राथमिक वर्गांसाठी मी वेगळा विषय घेणार नाही. तिथे रोजच्या धड्यातली वाट आणि जिगसॉ एवढं ठरवून करावं. वरच्या इयत्तांत, या कामात मन असलेले आणि तयारीला वेळ मिळालेले दोन तरी शिक्षक असतील, तर वेगळा विषय सुरू करा आणि तो सगळ्यांना सक्तीचा ठेवा. असे शिक्षक नसतील तर पहिलं वर्ष त्यांच्या तयारीला द्या, तास पुढच्या वर्षी. खास दिवस बंद करायची गरज नाही, पण तो वर्षाच्या शेवटी घ्या, वर्गात जे शिकून झालं ते मांडण्यासाठी. आणि कुठल्याही मुलाला त्याच्या समाजाचा प्रवक्ता करू नका. वर्षभर ज्या समाजाबद्दल वाचलं त्याबद्दल सगळ्याच मुलांनी बोलावं.

पालक म्हणून शाळा बघायला गेलात, तर कार्यक्रमांचे फोटो दाखवले जातीलच, तेही बघा. मग मागच्या सत्राची इतिहासाची आणि भाषेची प्रश्नपत्रिका मागून घ्या. तुमच्या घरासारख्या घराचा तिच्यात कुठे उल्लेख आहे का, आणि तुमच्या घरासारखं अजिबात नसलेल्या एखाद्या घराचा आहे का, ते तपासा.