चिखलाच्या सायक्लोक्रॉससाठी टायर: लिमस, बाइट की पीडीएक्स?

बेल्जियम-हॉलंडकडे सायक्लोक्रॉसचा, म्हणजे गवत-चिखलातल्या सायकल शर्यतींचा, मोसम सप्टेंबरात कोरड्या गवतावर सुरू होतो आणि नोव्हेंबर उजाडला की चाकाखाली नुसता रेंदा. मग दुकानातला सगळ्यात उंच बटणांचा (टायरवरच्या रबरी उंचवट्यांचा) टायर उचलून बहुतेक जण मोकळे होतात. पैसे तिथंच वाया जातात, कारण चिखलाचे प्रकार आहेत आणि एका प्रकाराला चालणारा टायर दुसऱ्यात दगा देतो.

रेसच्या दिवशी ट्रॅक पायी फिरून सगळ्यात वाईट जागेचा मूठभर चिखल उचला आणि दाबा. बोटांच्या फटींतून पाणी गळून गेलं तर तो पातळ राडा. त्याच्याखाली बहुधा कडक जमीन असते आणि बटणांनी तिथपर्यंत पोचायचं असतं. लाडू वळला गेला आणि तळहाताला चिकटून राहिला, तर तो खरा छळ. पावसात काळ्या रानातून चालताना चपलेखाली थरावर थर चढत जातो, तेच इथं चाकाचं होतं. पाऊस चालू असेपर्यंत चिखल वाहता राहतो. तो थांबला, वारा सुटला की दुपारी हाच चिखल कणकेसारखा घट्ट होतो. सकाळच्या गटातल्या मित्राने सांगितलेला टायर दुपारी चुकतो तो यामुळे.

कणकेसारख्या चिखलाला चॅलेंज कंपनीचा लिमस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच चिखल. बटणं उंच आणि एकमेकांपासून लांब, खांद्यावरची, म्हणजे टायरच्या कडेची, तर चांगली दणकट. उंचीपेक्षा मधली मोकळी जागा महत्त्वाची: चाक फिरताना टायर दबतो, सुटतो, बटणं हलतात आणि मधला चिखल उडून जातो. जागा कमी असली की तो तिथंच बसतो आणि अर्ध्या फेरीत टायर गुळगुळीत नळकांडं होऊन जातो. हातबनावटीच्या लिमसचं कापड ३०० टीपीआयचं, म्हणजे एका इंचात ३०० धागे. ते इतकं लवचिक असतं की मुळं, दगड यांवरून टायर वळण घेत जातो. बेल्जियममधल्या नामूरच्या किल्ल्याच्या उतारावर ट्रॅक आडवा कलता जातो आणि सायकल सतत खाली घसरू पाहते. तशा ठिकाणी खांद्याची बटणंच तारतात. तिथं लिमसला तोड नाही.

खोट मात्र आहे. डांबरावर किंवा टणक गवतावर ही उंच बटणं वाकतात. जोरात वळलात तर टायर आधी थोडा लचकतो, मग पकडतो, आणि त्या क्षणाचा भरवसा वाटत नाही. ट्रॅकचा निम्म्याहून जास्त भाग टणक असेल तर लिमस ओझं ठरतो. तिथं बेबी लिमस बघा: नक्षी त्याच वळणाची, बटणं आखूड. एकच जोडी घ्यायची असेल आणि तुमच्याकडे चिखल ‘बरा’ असतो, ‘भयंकर’ नसतो, तर आमचं मत बेबी लिमसला.

श्वाल्बे कंपनीचा एक्स-वन बाइट वेगळ्या स्वभावाचा. पातळ राड्यात आणि ओल्या गवतावर तो लिमसच्या बरोबरीने धावतो, डांबरावर त्याच्यापेक्षा शांत. कापड जाड असल्याने दगडांत बिनघोर, चढवायलाही सोपा. पण कणकेसारख्या चिखलात त्याची मधली जागा लवकर भरते. याच घरातला एक्स-वन ऑलराउंड गोल बटणांचा. तो ओलसर मातीपुरता, चिखलात नेऊ नका.

डॉनेली कंपनीचा पीडीएक्स पूर्वी क्लेमेंट या नावाने मिळायचा. पीडीएक्स हा अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या विमानतळाचा कोड. पावसाळी गावाचं नाव चिखलाच्या टायरला शोभतं. बटणांवर बारीक चिरा आहेत, त्यामुळे ओल्या मुळांवर आणि लाकडी फळ्यांवर पकड चांगली. पातळ चिखलात समाधानकारक, घट्ट चिखलात बाइटपेक्षा किंचित सरस, लिमसच्या खालीच. चॅलेंजचा ग्रिफो हा सर्वसाधारण वापराचा टायर अनेकांकडे आधीपासून असतो. तो मागच्या चाकाला ठेवून पुढे लिमस लावणं ही काटकसरीची जोडी उत्तम. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की अंग जमिनीवर.

रुंदीचा घोळ वेगळाच. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) स्पर्धेत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, खिळेही चालत नाहीत, आणि मापायला गेज असतो. टायरवर ३३ छापलंय म्हणून निश्चिंत राहू नका. आतून २३ मिलिमीटर रुंद असलेल्या रिमवर तोच टायर पसरून ३४ भरू शकतो. हवा भरून एक दिवस ठेवा, मग कॅलिपर लावा. स्थानिक स्पर्धांत ही अट बहुधा नसते, तरी चिखलात रुंद टायरचा मोह टाळावा. अरुंद टायर चिखल कापून तळाला पोचतो, शिवाय फ्रेम आणि टायरमध्ये जागा उरते. चेनस्टेच्या (मागच्या चाकालगतच्या फ्रेमच्या नळ्यांच्या) बेचक्यात चिखल अडकून चाक जाम झालं की बटणांची चर्चाच संपली. मोठ्या स्पर्धांत पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या सायकल बदलायच्या जागी) दुसरी सायकल धुऊन तयार असते, अर्ध्या फेरीला बदलतात. एकाच सायकलवर धावणाऱ्याला ही चैन नाही, म्हणून चिखल झटकणारा टायर त्याला जास्त लागतो.

आता हवा. टायरइतकीच ती ठरवते, आणि चूक जवळपास नेहमी एकाच बाजूला होते: जास्त भरली जाते. साधारण ७० किलोच्या स्वारासाठी ३३च्या ट्यूबलेसमध्ये पुढे २० पीएसआय, मागे २२, इथून सुरुवात करा. रिमला चिकटवलेला ट्युब्युलर असेल तर पुढे १७ ते १८ सुद्धा चालतात. आत साधी ट्यूब असेल तर २८च्या खाली जाणं म्हणजे ट्यूबला दोन भोकं पाडून घेणं. रिम आणि दगडाच्या कात्रीत ती सापडते. सायकलपंपाचा मोठा काटा इतक्या खाली विश्वासाचा नसतो. शून्य ते ३० पीएसआयचा छोटा गेज घ्या आणि प्रत्येक वेळी तोच वापरा. सरावाच्या फेरीत मुळावर रिम एकदा हलकी ‘ठक’ वाजली तर हवा बरोबर. दोन-तीनदा वाजली तर एक पीएसआय वाढवा. अजिबात वाजली नाही तर एक कमी करा. आडव्या उतारावर कडेने ‘फुस्स’ करून हवा सुटत असेल तर बीड (टायरची रिममध्ये बसणारी कडा) रिमवरून उचलला जातोय. तेव्हा दोन पीएसआय वाढवा; तरीही सुटली तर त्या टायरची त्या रिमशी जोडी जमलेली नाही.

हातबनावटीचा लिमस चढवणं हे मनगटाचं काम आहे. आतून २१ मिलिमीटरच्या रिमला २३ची ट्यूबलेस टेप लावा. टायर आदल्या दिवशी साध्या ट्यूबवर चढवून रात्रभर ताणू द्या. ट्यूब काढताना एका बाजूचा बीड हलवू नका. दुसरी बाजू चढवताना व्हॉल्व्हची जागा सगळ्यात शेवटी, आणि आधी दोन्ही बीड रिमच्या मधल्या खोबणीत ढकला. सैलपणा तिथूनच मिळतो. कडेला साबणाचं पाणी. हवा भरताना बीड टकटक करत जागेवर बसतात. रिमवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. मग व्हॉल्व्हची आतली पिन काढून ६० मिलिलिटर सीलंट (बारीक भोकं बुजवणारा द्रव) घाला, पुन्हा हवा भरा आणि चाक दोन्ही बाजूंनी आडवं ठेवून हलवा. पातळ कापडातून बारीक बुडबुडे येतात, ते दहा मिनिटं चालवल्यावर थांबतात. हे सगळं रेसच्या निदान दोन दिवस आधी. सकाळी पार्किंगमध्ये सीलंट घालणाऱ्याचा टायर तिसऱ्या फेरीत बसतो.

रेसनंतर प्रेशर वॉशरचं तोंड टायरच्या कडेवर आणि हबवर जवळून धरू नका. वाळू आत शिरते, ट्युब्युलरच्या गोंदाची कडही सुटू लागते. बादली आणि मऊ ब्रश पुरे. सुती कापड ओलं राहिलं तर कुजतं, म्हणून चाकं सावलीत टांगा. पुढच्या टायरच्या बटणांच्या कडा बोटाला गोल लागू लागल्या की तो मागे लावा आणि नवा पुढे.