आई समोर बसली की झोपणारी फ्रेम

आईच्या ८२व्या वाढदिवसाला आम्ही भावंडांनी मिळून दहा इंची डिजिटल फोटोफ्रेम घेतली. ऑनलाइन, ७,८०० रुपये. भावाने पैसे भरले, धाकटीने कडेचा रंग निवडला आणि बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पुण्यात मी एकटीच. आता सहा महिने झालेत, तेव्हा बरंवाईट बोलायला हरकत नाही.

आईचं घर नारायण पेठेत. राउटर बाहेरच्या खोलीत, फ्रेम आत पलंगासमोरच्या कपाटावर. चालू केली तर वाय-फायच्या यादीत शेजारपाजारची तीन नावं, आमचं नाहीच! अर्धा तास पासवर्ड शोधण्यात घालवला. नावच दिसत नसताना पासवर्डचं काय करणार होते कोण जाणे. शेवटी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, वाय-फायच्या दोन लहरी असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ही फ्रेम फक्त २.४वर चालते. तुमच्या राउटरवर ५चंच चालू असेल." तसंच होतं. २.४ चालू केल्याबरोबर नाव दिसलं. ते भिंतींतूनही जास्त लांब पोचतं म्हणे. खोक्यातल्या कागदावर हे एका ओळीत होतं, पण अक्षर मुंगीएवढं.

वायर जेमतेम दीड मीटर. बॅटरी नाही, त्यामुळे प्लग कायम लावलेला. एक्स्टेन्शन बोर्ड आणावा लागलाच. गुरुवारी लाइट गेली की फ्रेम बंद होते आणि आली की आपली आपण सुरू होते. हे मला आवडलं.

फोटो दोन वाटांनी जातात, ॲपमधून किंवा मेमरी कार्डावरून. ॲप सोपं आहे. फ्रेमवर एक कोड येतो, तो ज्याला द्याल तो जगात कुठूनही फोटो पाठवू शकतो. मी उत्साहात सगळ्यांना दिला. दुसऱ्या दिवसापासून मामाचे सुप्रभातचे गुलाब सुरू झाले, श्लोकासकट. आता यादीत फक्त पाच जण आहेत. मामाला सांगितलं, फ्रेम भरली. कार्डाचं मात्र बघून करा. भाच्याने आयफोनमधले दोनशे फोटो कार्डावर टाकून दिले, फ्रेमने एकही दाखवला नाही. ते एचईआयसी नावाच्या प्रकारातले होते, फ्रेमला फक्त जेपीजी कळतं. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये प्रकार बदलला की पुढचे फोटो जेपीजीत निघतात. पडदा १२८० बाय ८००चा, म्हणजे फार बारीक नाही. पण त्यामुळेच व्हॉट्सॲपवरून दाबून आलेला फोटोही त्यावर फाटत नाही.

आईला खरा रस जुन्या अल्बममध्ये. काळ्या पानांचा, त्रिकोणी कोपऱ्यांत फोटो अडकवलेला. दुपारी खिडकीशी बसून, ट्यूबलाइट बंद करून, मी एकेक फोटो फोनवर घेतला. वर लाइट असला की चकाकी येते. लग्नातला मोठा ग्रुप फोटो लागला तशी आई म्हणाली, "वन्संना का कापलंस गं?" पडदा लांबट, फोटो जवळजवळ चौकोनी, फ्रेम पडदा भरायला वरखालचं छाटून टाकते. मागच्या ओळीत स्टुलावर उभ्या राहिलेल्या आत्याचं डोकंच गेलं होतं. सेटिंगमध्ये 'फिल'च्या जागी 'फिट' केलं. आता बाजूला काळ्या पट्ट्या येतात, पण आत्या शाबूत आहे. दुसरं म्हणजे फोटो दहा सेकंदांत बदलायचा. आई कोण कुठला म्हणून ओळखेपर्यंत पुढचा हजर. आता पाच मिनिटं ठेवलीत. एका फोटोवर कामाच्या ताईंबरोबर चहा होतो.

सगळ्यात मोठी भानगड सेन्सरची. खोलीत कोणी नसेल तर वीज वाचावी म्हणून फ्रेम झोपते, ही जाहिरातीतली मोठी खुबी. आई रोज फोनवर म्हणायची, "तुझी ती फ्रेम बंद पडते." मी जाऊन बघितलं की छान चालू. तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळी आईच्या शेजारी खुर्ची टाकून गप्प बसले, तर पाचव्या मिनिटाला फ्रेम काळी! सेन्सर बघतो हालचाल. आई मांडीवर हात ठेवून, डोळे फोटोवर लावून बसते. जराही हलत नाही. फ्रेमच्या हिशेबी खोलीत कोणीच नाही. मी पदर सारखा केला तशी परत उजळली. म्हणजे मी दारातून आत शिरले की चालू, आई एकटी बसली की बंद. आणि आम्ही म्हणत होतो, आईला यातलं जमत नाही.

सेन्सर बंद करून वेळ लावून दिली, सकाळी सात ते रात्री नऊ. तेव्हापासून तक्रार नाही.

विक्रेत्याच्या मदत क्रमांकावर हे सांगितलं, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मग त्यांना मधूनमधून हात हलवायला सांगा." त्याचा एक तारा मी कापलाय, वायरीचा अर्धा. पाचपैकी साडेतीन.

घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घेणार असाल तर सेन्सर पहिल्याच दिवशी बंद करा. आणि मध्ये एकदा रात्री अपडेट झाल्यावर तो आपोआप परत चालू झाला होता, तेवढं बघत राहा.