डोळ्यातली दोन कोलॅजेन: टाइप २ आणि टाइप ४

कोलॅजेन म्हणजे शरीराच्या ऊतींना आधार देणारं प्रथिन. त्यातलं टाइप २ म्हणजे दोर, तीन सारख्या साखळ्यांचा पीळ. काचद्रवात (डोळ्याच्या आत भरलेल्या पारदर्शक गरात) सुमारे ९८ टक्के पाणी असूनही तो जेलीसारखा टिकतो, तो याच्याच तंतूंमुळे. याचं जनुक बिघडलं की स्टिकलर सिंड्रोम: लहानपणीच मोठा मायनस नंबर, पुढे दृष्टिपटल (डोळ्याचा मागचा पडदा) सुटण्याची भीती. अशा मुलांची पडद्याची तपासणी चुकवू नयेच.

टाइप ४ मात्र जाळी विणतं. भिंगाचं आवरण, रक्तवाहिन्यांचं अस्तर, चेतातंतूंना गुंडाळणाऱ्या श्वान (Schwann) पेशींभोवतीचं वेष्टण, सगळीकडे तेच. याच्या सीओएल४ए१ (COL4A1) जनुकात दोष असला तर मोतीबिंदू होऊ शकतो, शिवाय मेंदूतल्या बारीक वाहिन्या फुटू शकतात, कधी गर्भातच. मला हेच जास्त धोक्याचं वाटतं. टाइप ४ च्याच दुसऱ्या जनुकांतल्या दोषामुळे होणाऱ्या अल्पोर्ट सिंड्रोममध्ये भिंग पुढे शंकूसारखं फुगतं. मूत्रपिंडं आणि कानही बिघडतात.