जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: वायफायचा काही महिन्यांचा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता. यंत्र धडधाकट होतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.२ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. तेव्हापासून टॉवेल कारखान्यांचे हिशेब, बिलं, जीएसटीचे रिटर्न सगळं त्यावरच चाललंय. मिंट हलकं आहे, नेटकं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सोलापुरात मला जो भेटतो तो आधी हेच विचारतो, "वायफाय लागतं का?" लागतं. मात्र "वायफाय लागत नाही" या एका वाक्यात वेगवेगळे बिघाड दडलेले असतात, आणि आपला कोणता हे आधी शोधावं लागतं. लिनक्सची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, की विचारलं तर ते बिघाड लिहून दाखवतं.

सुरुवातीला नेटवर्कची यादीच येत नव्हती. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, 'एलएसपीसीआय' ही कमांड 'एनएनके' हा पर्याय जोडून (lspci -nnk) दिली, की प्रत्येक कार्डाचं नाव आणि त्याखाली चालू असलेला ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, दिसतो. माझ्या वायफाय कार्डाचं नाव होतं, खाली ड्रायव्हरची ओळ नव्हती. म्हणजे कार्ड शाबूत, ड्रायव्हर हवा. तो उतरवायला नेट कुठून आणायचं? अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, मिंटने ते लगेच ओळखलं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर घेतला.

इथे एक गोष्ट जपायची. सिक्युअर बूट (ओळख नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्ट झाल्यावर निळा स्क्रीन येतो. त्यात 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा स्क्रीन थोडाच वेळ थांबतो. तो निसटला तर ड्रायव्हर डिस्कवर असूनही कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याला आत घेत नाही, आणि लोक उगाच सगळी सिस्टिम पुन्हा टाकत बसतात.

पुढचे काही आठवडे वेगळाच त्रास. काम थांबवून पाच-दहा मिनिटं चहाला गेलं की परत आल्यावर पानं उघडत नसत, आणि वायफायचं चिन्ह मात्र जोडलेलंच दिसे. कारण निघालं वीज बचतीचं. बॅटरी वाचावी म्हणून सिस्टिम कार्डाला झोपवते आणि काही कार्डं त्यातून नीट जागी होत नाहीत. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंग फायलीत 'वायफाय पॉवरसेव्ह' समोर ३ (बचत चालू) होता, तो २ (बचत बंद) केला, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि हा त्रास संपला. बॅटरीत मला जाणवण्याइतका फरक पडलेला नाही.

खरा छळ मात्र तिसऱ्या बिघाडाने केला. आमचं घर साखर पेठेतलं, जुन्या बांधणीचं, भिंती हातभर जाड. पुढच्या खोलीतल्या राऊटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मागच्या खोलीत पोचेपर्यंत मरतो, म्हणून तिथे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच काम करावं लागतं. वीज जाऊन आली की कधीकधी लॅपटॉपच्या यादीतून फक्त आमचंच नेटवर्क गायब व्हायचं. शेजाऱ्यांची सगळी दिसायची. पुतण्या म्हणायचा, "काका, माझ्या फोनवर लागतंय की! तुमच्याच लॅपटॉपला काय झालंय?"

प्रश्न रास्त होता. राऊटर 'ऑटो'वर होता, म्हणजे वीज आल्यावर तो चॅनेल (पट्ट्यातली क्रमांक दिलेली जागा) नव्याने निवडायचा, आणि कधी १२ किंवा १३ वर जाऊन बसायचा. भारतात १३ पर्यंतचे चॅनेल चालतात, अमेरिकेत साधारणपणे ११ पर्यंतच वापरतात. माझ्या कार्डात अमेरिकेचा नियम कारखान्यातूनच भरलेला. 'आयडब्ल्यू लिस्ट' कमांड दिल्यावर १२ आणि १३ समोर 'डिसेबल्ड' असं स्पष्ट लिहिलेलं आलं. सिस्टिमचा देश बदलून भारत केला, तरी कार्डातला नियम सैल झाला नाही. म्हणून उपाय राऊटरवर केला. त्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन ऑटो काढलं आणि चॅनेल ६ पक्का केला. १, ६ आणि ११ हे एकमेकांवर चढत नाहीत, कारण चॅनेलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि प्रत्येकाची रुंदी साधारण २०. गल्लीत १ आणि ११ वर गर्दी होती, म्हणून ६. आता कितीही वेळा वीज जाऊ दे, नेटवर्क जागेवर असतं. यात लिनक्सचा काहीच दोष नव्हता, उलट त्याच्यामुळेच कारण सापडलं.

अजून राहिलेलं एक: झाकण मिटून उघडल्यावर वायफाय जोडायला कधी जास्त वेळ लागतो. चालवून घेतो. आणि कर्नल अपडेट झाल्यावर ड्रायव्हर नव्याने बांधला जातो. तो बिनसला तर सुरू होताना 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडून काम चालू ठेवता येतं, म्हणून जुना कर्नल लगेच पुसू नका.

यूएसबी वायफाय अ‍ॅडॅप्टर घेणार असाल तर खोक्यावरच्या मॉडेलवर जाऊ नका, आतली चिप विचारा. एकाच मॉडेलच्या वेगळ्या आवृत्तीत वेगळी चिप निघते. आणि मिंट टाकण्याआधी ते पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, डिस्कला हात लागत नाही. ज्या खोलीत रोज बसणार तिथेच बसून बघा, राऊटरशेजारी नव्हे.