ऑक्टाव्हिया आरएस: जादा ऑइल कूलर काढल्यानंतरचा अनुभव

गाडी पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. शेंद्र्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, 1781 सीसी, 20 व्हॉल्व्ह, टर्बो, 150 हॉर्सपॉवर. 2004 मध्ये ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा टर्बो पेट्रोल सेडान ही नवलाईची गोष्ट होती. आज ती वापरणारे थोडेच उरलेत आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना मागच्या मालकांनी काही ना काही जोडून ठेवलेलं असतं. माझ्या गाडीला पुढच्या बंपरच्या जाळीमागे वाऱ्यावर थंड होणारा एक ऑइल कूलर होता. हिवाळ्याच्या तोंडावर तो काढला. आता पावसाळाही सरत आलाय, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो: रस्त्यावर चालणाऱ्या आरएसला या कूलरची गरज नाही. तो काढल्यावर इंजिन जास्त निरोगी चालतंय.

गाडीत कंपनीचा ऑइल कूलर मुळातच असतो, हे अनेकांना माहीत नसतं. ऑइल फिल्टर ज्या घरावर बसतो ते घर आणि फिल्टर यांच्यामध्ये तो एक जाड चकतीसारखा भाग असतो. त्याच्या एका बाजूने ऑइल फिरतं, दुसऱ्या बाजूने कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं पाणी. कूलंट ऑइलपेक्षा लवकर तापतं, त्यामुळे सकाळी गाडी सुरू केल्यावर हा भाग ऑइलला ऊब देतो. पुढे घाटात ऑइल कूलंटपेक्षा गरम झालं की तोच त्याची उष्णता ओढून रेडिएटरकडे पाठवतो. म्हणजे ऑइल कूलंटच्या तापमानाला धरून राहतं. वाऱ्यावरचा कूलर फक्त थंडच करू शकतो. त्यात माझ्या गाडीतल्या सँडविच प्लेटला, म्हणजे फिल्टरखाली बसवून ऑइल या कूलरकडे वळवणाऱ्या चकतीला, ऑइल तापेपर्यंत ती वाट बंद ठेवणारा थर्मोस्टॅटच नव्हता, त्यामुळे गाडी सुरू झाल्या क्षणापासून सगळं ऑइल बंपरपर्यंत जाऊन गार होऊन येत होतं.

याचा परिणाम मीटरवर दिसायचा. थंडीत पहाटे एक्सप्रेसवेला लागलं की ऑइल 70 अंशांच्या पुढे सरकायला तयार नसायचं. 5डब्ल्यू-40 प्रतीचं ऑइल 100 अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या दुपटीच्या आसपास ते 70 अंशांना घट्ट असतं. इंजिन तेवढं जड फिरतं. त्याहून वाईट म्हणजे ऑइलमध्ये उतरलेली वाफ आणि कच्चं पेट्रोल उडून जायला उष्णता लागते, ती मिळत नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर साय धरायची. 1.8 टर्बो इंजिनात घट्ट गाळ साचून संपमधली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातली) जाळी बुजायची भीती असतेच. अशा इंजिनाला असं ओलसर, अर्धवट तापलेलं ऑइल पाजणं म्हणजे गाळाला आमंत्रण. शिवाय होस पाईप बंपरच्या पत्र्याला घासत होते. यातला एक पाईप वाटेत फुटला असता, तर ऑइलच्या दाबाचा दिवा लागेपर्यंत टर्बोची बेअरिंग कोरडी पडली असती.

काढायचं काम एका दिवसाचं, पण बारकाव्याचं. सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे मधला पोकळ आट्यांचा पाईप. सँडविच प्लेटसाठी तो लांब बसवलेला असतो. प्लेट काढून तोच लांब पाईप ठेवला तर फिल्टरचं रबर नीट दाबून बसत नाही. मूळ लांबीचा पाईप आधी मिळवा, मगच पान्याला हात घाला. प्लेटचं जुनं रबर घराला चिकटून राहिलेलं नाही ना, हे बोटाने फिरवून तपासा. एकावर एक दोन रबरं बसली तर ऑइल दाबाने बाहेर फेकलं जातं. कंपनीचा कूलर त्याच वेळी उतरवून त्याची ओ-रिंग (रबरी कडी) बदलून घ्या आणि कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग आहे का ते पाहा. तसा तवंग असेल तर हा भाग आतून गळत असू शकतो, आणि मग ओ-रिंग बदलून भागत नाही. कूलंट पुन्हा भरताना गुलाबी जी-12 च भरा, हिरव्यात मिसळू नका.

कूलर आणि पाईपांमध्ये बरंच ऑइल अडकून राहत होतं. म्हणजे प्रत्येक सर्व्हिसला थोडं जुनं ऑइल नव्यात मिसळत होतं. आता भरायचं माप कमी झालंय, हे गॅरेजवाल्याला आठवणीने सांगावं लागतं. जुन्या मापाने भरलं तर पातळी वर जाते आणि ऑइल फेसाळतं. पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत फक्त स्टार्टर मारून घेतला.

तापमानाची तुलना खरी व्हावी म्हणून सेन्सर आधीच प्लेटमधून काढून संपच्या बोल्टमध्ये घेतला होता. फिल्टरपाशी आणि संपमध्ये एकच आकडा मिळत नाही, त्यामुळे जागा बदलली की तुलना निरर्थक ठरते.

हिवाळ्यात फरक लगेच कळला. कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत ऑइल 80 च्या वर, आणि साताऱ्याच्या रस्त्याला सरळ वेगात 90 ते 95 वर स्थिर. ऑइल तापल्यावर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, ऑइलचा दाब पूर्वीपेक्षा कमी दिसतो. दाबाचं मीटर असलेल्यांनी हे बघून घाबरू नये, ऑइल योग्य तितकं पातळ झाल्याची ती खूण आहे. दिवा लागला तर मात्र गोष्ट वेगळी.

खरी परीक्षा मे महिन्यात होती. वाईहून पसरणी घाट, एसी चालू, चार माणसं आणि सामान. पाचगणीच्या वळणांपर्यंत ऑइल 110 च्या थोडं पुढे गेलं, कूलंटचा काटा मधोमधच राहिला. चांगल्या सिंथेटिक ऑइलला एवढं तापमान सहज झेपतं. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता थोडं चालू ठेवतो, टर्बोसाठी ते केलंच पाहिजे. पावसाळ्यात ताम्हिणीकडे वारंवार जाणं झालं, आणि झाकण काढून पाहिलं तर आत स्वच्छ. या एका गोष्टीचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे.

तोटा एकच जाणवला. रिकाम्या घाटात बराच वेळ जोरात चालवली की आकडा पूर्वीपेक्षा लवकर चढतो आणि उतरायला वेळ घेतो. तेव्हा थोडा वेळ निवांत चालवावी लागते.

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांना किंवा टर्बो मोठा करून ताकद वाढवलेल्यांना मी हा सल्ला देणार नाही. त्यांना वाऱ्यावरचा कूलर हवाच. ज्या इंजिनांना पाणीच नाही त्यांचाही विषय वेगळा. 1998 पर्यंतच्या एअर-कूल्ड पोर्शे 911 चा किंवा आपल्या पल्सर 220 चा ऑइल कूलर इंजिन थंड ठेवण्याच्या मूळ रचनेतलाच आहे, त्याला हात लावू नये.

काढलेला कूलर विकत मागणारे भेटले, पण मी तो भंगारात दिला. त्याच्या बारीक नळ्यांमध्ये धातूचा कीस अडकून राहतो आणि कितीही धुतला तरी सगळा निघाल्याची खात्री देता येत नाही. ज्यांना ट्रॅकसाठी लावायचा आहे त्यांनी नवाच घ्यावा, आणि थर्मोस्टॅट असलेल्या प्लेटसकटच घ्यावा.