बाबांच्या डिटन १५ मधला ‘मेलेला’ स्पीकर

बाबा मर्चंट नेव्हीत होते. १९७६ साली त्यांनी इंग्लंडहून सेलेस्टियन कंपनीच्या डिटन १५ स्पीकरची जोडी आणली आणि ती आमच्या दादरच्या घरात ४० वर्षांहून जास्त वाजली. दोन वर्षांपूर्वी मी ती ‘अपग्रेड’ करायला दिली आणि तिच्यातले अस्सल भाग गमावून बसलो. तुमच्या घरी अशी जुनी जोडी असेल, तर ती कुणाच्या हाती देण्याआधी माझं काय झालं ते वाचा.

बाबा गेल्यावर वर्षभर स्पीकर बंदच होते. पुन्हा लावले तेव्हा डाव्या बाजूचा आवाज मंद झालेला. तानपुरा ऐकू यायचा, पण त्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणकार, गायब. ओळखीतून एका मेकॅनिकचं नाव मिळालं. माणूस घरी आला, खोकं उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, “साहेब, दोनातला एक स्पीकर मेलाय. मागे मॅग्नेटच नाही, वायरसुद्धा नाही. कुणीतरी माल काढून घेतलाय.” उजवं खोकं उघडलं, तिथेही तेच. मला धक्काच बसला. बाबांना कुणी तरी फसवलं असणार, असं मला खरंच वाटलं. मग तो म्हणाला, “ट्वीटरही आता थकलेत. सगळंच नवीन टाकून देतो, वाजतील असे की बघत राहाल.” ट्वीटर म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर. १४,००० रुपये ठरले. मी दोन्ही खोकी त्याच्या टेम्पोत चढवली. पावती मागितली नाही.

आठ दिवसांनी खोकी परत आली. आवाज मोठा होता, यात शंका नाही. पण तबल्याचा बायाँ डबक्यात दगड पडावा तसा वाजू लागला आणि तानपुरा पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. तासाभरात अँप्लिफायर हात ठेववेना इतका तापायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “हे आपले स्पीकर नाहीत रे.” मी तिलाच समजावत राहिलो, की सवय व्हायला वेळ लागतो.

चार महिन्यांनी बाबांची ट्रंक आवरताना स्पीकरसोबत आलेलं माहितीपत्रक सापडलं. त्यात खोक्याचं चित्र होतं. वरून दिसायला दोन मोठे पडदे, पण त्यातल्या एकालाच कॉइल आणि मॅग्नेट. तो वूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा स्पीकर. दुसऱ्याचं नाव एबीआर, म्हणजे ऑक्झिलरी बास रेडिएटर. त्याला वायर नसतेच! खोकं हवाबंद असतं, वूफर आत-बाहेर झाला की आतली हवा या दुसऱ्या पडद्याला हलवते आणि खर्जाला भरीवपणा येतो. चित्र बघता बघता मला लहानपणचं आठवलं. जाळी काढून बाबा वूफरचा पडदा बोटांनी अगदी हलकेच आत दाबायचे आणि शेजारचा पडदा आपोआप पुढे यायचा. “बघ, श्वास घेतोय,” म्हणायचे. इतकं डोळ्यांनी पाहिलेलं असून त्या दिवशी टॉर्चच्या उजेडात मला ते आठवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या माणसाने एबीआरच्या जागी स्वस्तातला ८ इंची स्पीकर ठोकला होता आणि तो वूफरला समांतर जोडला होता. त्यामुळे स्पीकरचे ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरले आणि अँप्लिफायर तापू लागला. मूळ ट्वीटर होते सेलेस्टियनचे एचएफ १३००. स्पेंडॉर बीसी १ सारख्या नावाजलेल्या स्पीकरमध्येही हाच ट्वीटर बसवलेला असायचा, म्हणून त्याला आजही गिऱ्हाईक आहे. हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. जाब विचारायला गेलो तर म्हणाला, “जुना माल भंगारात गेला.” पावती नाही, फोटो नाही, मी काय दाखवणार?

नंतर एका जाणत्या माणसाकडून कळलं की मूळ दुखणं बहुतेक क्रॉसओव्हरमधल्या, म्हणजे खर्ज वूफरला आणि वरचे सूर ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटमधल्या, कपॅसिटरचं होतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकतात आणि वरचे सूर दबतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नॉन-पोलर (कुठल्याही बाजूने जोडता येणारे) कपॅसिटर काही शे रुपयांत मिळतात. म्हणून सांगतो, कुणी ‘ट्वीटर गेला’ म्हटलं तर आधी दोन्ही बाजूंचे ट्वीटर आपसात बदलून बघा. दोष ट्वीटरबरोबर दुसऱ्या खोक्यात गेला नाही, तर ट्वीटर शाबूत आहे. ज्या स्पीकरच्या पडद्याभोवती फोमची कड असते तिचा आपल्या दमट हवेत चुरा होतो, पण तेव्हाही नुसती कड बदलता येते, त्यासाठी अख्खा स्पीकर टाकायचा नसतो. खोक्याच्या मागची पाटी वाचा, मॉडेलचं नाव शोधा, आत काय काय असायला हवं ते आधी जाणून घ्या. प्रत्येक भागाचा मागून-पुढून फोटो काढा. काम तुमच्यासमोर होत नसेल तर काढलेला प्रत्येक तुकडा परत हवा, असं पावतीवर लिहून घ्या.

मला आतापर्यंत एक एबीआर मिळालाय. डाव्या खोक्यात बसवला, वूफर दाबला आणि तो पुढे आला. आईला बोलावून दाखवलं. उजवं खोकं अजून तसंच आहे. आणि ट्वीटर मी अजून शोधतोय. एकदा वायर सुटली होती तेव्हा बाबांनी त्या ट्वीटरच्या पाठीवर पेन्सिलीने ‘डा’ आणि ‘उ’ अशी अक्षरं लिहिली होती. जुन्या बाजारात कुणाच्या हाती एचएफ १३००ची अशी जोडी आली, तर ती आमची आहे. ज्या किमतीला पडली असेल त्या किमतीला मी घेईन.